अंकुरला पोळ्याची सुटी

अकोल्यात अंकुर आला तो ऐन मे महिन्यात, आणि त्याच्याबद्दल पहिला प्रश्न विचारला कोठारी शेठनं. आता नवा डेस्कटॉप म्हटल्यावर माणूस काय विचारेल? वेग किती, गॅरंटी किती, घासाघीस केली तर कमी किती होईल. शेठनं यातलं काही विचारलं नाही. टेबलावरच्या त्या पांढऱ्या डब्याकडे दोन पावलं लांबूनच पाहत त्यांनी आवाज खाली आणला आणि म्हणाले, "प्रणिताबेन, हा खातो काय?"

जठारपेठेतलं म्हैसने कम्प्युटर्स हे दुकान प्रणिता म्हैसने एकटीनं चालवायची. गिऱ्हाइकाच्या कुठल्याही प्रश्नाला हसायचं नाही, हा तिचा धंद्याचा नियम होता. त्या दिवशी तो पाळताना तिला गाल आतून चावावे लागले.

"साखरेचं पाणी, क्षार आणि थोडी प्रथिनं, शेठ. प्रथिनं यीस्टपासून काढलेली. मांस नाही, अंडं नाही."

"कांदा-लसूण?"

"तेही नाही."

"म्हणजे आमच्यापेक्षा कडक पाळतो," शेठ म्हणाले आणि दोन नग सांगून गेले.

शेठचं काही चुकलं नव्हतं. अंकुर खरंच खायचा, कारण अंकुर जिवंत होता. इतर कम्प्युटरमध्ये चिप असते, तशी यातही होती. पण त्या चिपवर तळहाताएवढी एक बंद वाटी बसवलेली असायची आणि त्या वाटीत चेतापेशी वाढवलेल्या असायच्या, माणसाच्या मेंदूत असतात तशाच. कोणाचा मेंदू वगैरे कापलेला नव्हता हो! स्वेच्छेनं दिलेल्या त्वचेच्या पेशी घ्यायच्या, औषधांनी त्यांना पुन्हा बाल्यावस्थेत न्यायचं आणि तिथून चेतापेशी होण्याच्या वाटेला लावायचं, अशी ती रीत. या पेशींना वीज लागायची दिव्यातल्या वातीएवढी. साध्या कम्प्युटरला एखादी गोष्ट शिकवायला हजारो उदाहरणं लागतात, ती यांना दहा-बारांत यायची, कारण शिकताना पेशी आपापसातले धागेच बदलायच्या. गोम एवढीच, की हे शिकलेलं दुसरीकडे उतरवून घेता येत नसे. वाटी गेली की शिकलेलं गेलं.

वाटीला ऊब लागायची माणसाच्या अंगाएवढी. ती राखायला आत एक बारकी बॅटरीही होती. पण कंपनीच्या साहेबांनी अकोल्याचा मे महिना कुठं पाहिला होता? इथं माणसाचं अंगच भट्टी होतं. लोकांनी घरातले कूलर उचलून कम्प्युटरसमोर आणून ठेवले. लोणकरकाकूंचा मुलगा अंकुरवर नकाशे काढायचा. काकूंनी पहिल्याच दिवशी डब्याला कुंकू लावलं आणि दुसऱ्या दिवशी प्रणिताला फोन केला, "अवं, आमच्याकडं सुतक पडलं, याले शिवायचं का नाही?" कोणी त्याला बाळ्या म्हणे, कोणी राघू. एकानं तर आठवड्याची खाण्याची पिशवी लावताना वर चमचाभर आमरसही सोडला, आणि मग दुकानात येऊन ढसाढसा रडला. प्रणितानं वाटी बदलून दिली आणि पुढच्या प्रत्येक डब्यावर 'बाहेरचं काही देऊ नये' अशी चिठ्ठी चिकटवली.

तिनं स्वतःसाठी एक अंकुर घरी नेला, तो मात्र कामासाठी नाही. बाबांसाठी.

गुणवंतराव म्हैसने म्हणजे बाजार समितीत तुरीचा लिलाव पुकारणारा माणूस. आवाज असा, की यार्डाच्या या टोकाला भाव फुटला की त्या टोकाच्या बैलानं कान टवकारावेत. टोमणा तयार, हजरजबाबी, समोरच्याला बोलू द्यायचं म्हणजे यांच्या जिवावर यायचं. अशा माणसाला अर्धांगाचा झटका आला आणि उजव्या अंगाबरोबर वाचाही गेली. समजायचं सगळं. मनात वाक्यही पुरतं तयार असायचं. पण मनातून ओठापर्यंत येणारी वाट मेंदूत मोडली होती. तोंडातून यायचं नुसतं "बाबाबा... तो... तो...". हो म्हणायचं असलं तरी मान कधी आडवी हलायची, कधी उभी. डॉक्टर म्हणाले, हे या दुखण्यात होतंच, मानेवर विसंबू नका. पहिले काही महिने प्रणितानं अंदाज केले. पाणी मागितलं तर चादर दिली, चादर मागितली तर पंखा लावला. बाबा चिडून काठी आपटायचे आणि ती मोरीत जाऊन रडून यायची. तिची आई आधीच गेलेली, धाकटा भाऊ हर्षल पुण्यात. घरात दोघंच.

अंकुरचा कॅमेरा बाबांच्या चेहऱ्यावर रोखला होता, आणि गळ्याला एक पातळ पट्टी होती, घशाचे स्नायू टिपणारी. निघालेला आवाज, हललेला ओठ, आवळलेला गळा हे सगळं वाटीतल्या पेशींकडे जायचं. प्रणिता रोज संध्याकाळी बाजूला बसून सांगायची, हे बाबांनी चहासाठी केलं, हे दार लावण्यासाठी. शिकवणीला दोन महिने उलटले. आणि एका सकाळी पडद्यावर अक्षरं आली:

"चहात साखर कमी पडली."

प्रणिताच्या हातातली बशी सुटली. बाबा खांदे गदागदा हलवत हसत होते. ती वेड्यासारखी उठली, साखरेचा डबाच उचलून आणला आणि कपात ओतता ओतता रडली. मधुमेह गेला खड्ड्यात, त्या दिवशी बाबांनी पाकासारखा चहा प्यायला.

मग काय विचारता! तुंबलेला नाला फुटावा तसे बाबा बोलू लागले, तेही थेट आपल्या वऱ्हाडीत. भाजी अळणी हाय. हा बातम्यावाला खोटं बोलून राहिला. त्या कोठारीले म्हणा, तूर आत्ता विकू नको. शेजारपाजारचे लोक म्हैसनेंचं बोलणं 'वाचायला' यायचे. खुर्च्या पडद्याकडे तोंड करून मांडल्या जायच्या आणि बाबा बाजूच्या पलंगावरून सगळ्यांना टोले हाणायचे. लोक पडदा वाचून पोट धरून हसायचे.

त्याच वर्षी पोळ्याची गोष्ट झाली. बाळापूरकडचे वासुदेव टापरे पोळ्याच्या आदल्या दिवशी दुकानात आले. त्यांच्या दूध डेअरीचा सारा हिशेब अंकुरवर चालायचा.

"मॅडम, याच्यात जीव हाय ना?"

"हाय, टापरेभाऊ."

"मंग याले पोळ्याची सुटी काऊन नाही? बैल वर्सभर राबते, त्याले एक दिवस आपण जुंपत नाही. हा तं रात्रंदिवस राबून राहिला."

प्रणितानं कंपनीला विचारलं. कंपनीच्या माणसाला आधी पोळाच समजेना. समजल्यावर तो म्हणाला, ऊब आणि खाणं चालू ठेवा, काम बंद ठेवलं तर काही बिघडायचं नाही, पण गरजही नाही. गरज नाही हे ऐकायला कोण थांबलंय? आदल्या संध्याकाळी टापऱ्यांनी बैलांच्या खांद्यांना हळद-लोणी चोळलं, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या" म्हटलं, आणि तेच आवतण डेअरीच्या टेबलावरच्या अंकुरलाही दिलं. गोष्ट गावभर झाली. पोळ्याच्या दिवशी अकोल्यातले झाडून सगळे अंकुर सुटीवर. पडदे काळे, वाट्या उबदार, डब्यांवर झेंडूची फुलं.

बाबांनीही तो एक दिवस कुरकुर न करता मुक्यानं काढला.

पुढचं वर्ष सुखाचं गेलं. प्रणिताला दुकान आणि घर दोन्ही सांभाळता येऊ लागलं. स्वयंपाक करतानाही ती पडदा दिसेल अशी उभी राहायची. बाबांनी काही म्हटलं की एक नजर टाकायची, उत्तर द्यायची आणि फोडणीकडे वळायची. हर्षलचा दर रविवारी व्हिडिओ कॉल यायचा. फोनवर त्याला बाबांचा चेहरा दिसायचा, पडदा दिसायचा नाही. तो आपला अंदाज ठोकायचा, "काय बाबा, गुडघा दुखतो का?" बाबा हातवारे करायचे. "मग काय, पोळी कडक झाली?" प्रणिता वैतागून म्हणायची, "अरे, मी वाचून दाखवते ना! पडद्यावर आलंय, त्यांना टोपी पाहिजे." तो ओशाळून हसायचा. नोकरी त्याची हवामान खात्यात, पण घरातलं वारं कुठून वाहतं ते याला कळायचं नाही, असं ती गमतीनं म्हणायची. मनातून मात्र ती त्याच्यावर चिडून होती. पुण्यात बसून "बाबांना फिरायला ने, बाबांना मोड आलेलं दे" म्हणणं सोपं असतं. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं?

दुसऱ्या वर्षी श्रावणात कंपनीचा फोन आला, साऱ्या विक्रेत्यांना एकदमच. काही ठिकाणच्या वाट्या थकल्या होत्या. थकलेल्या पेशी एक विचित्र गोष्ट करायच्या. समोरून खूण पुरती यायच्या आत, सवयीनं पुढचं स्वतःच भरून टाकायच्या. जुन्या संसारात नवऱ्यानं नुसतं "अगं" म्हटलं की बायको चहाचं आधण ठेवते, त्याला औषध हवं असलं तरी, तसा तो प्रकार. कंपनीवाले याला भरती म्हणायचे. भरती सुरू झाली की यंत्राचं बोलणं उलट जास्तच सफाईदार होतं, म्हणून ती ओळखणं अवघड. उपाय एकच, वाटी बदलायची आणि पहिल्यापासून शिकवायचं. शंका आली तर कळवा, नवी वाटी फुकट पाठवतो.

प्रणितानं ऐकून घेतलं, गिऱ्हाइकांना कळवलं, आणि स्वतःच्या घरच्या यंत्राची शंका तिच्या मनातही आली नाही. पोळ्याला आठवडा असताना मात्र आली.

ती पोळ्या लाटत होती. सवयीनं तिनं पडद्याकडे पाहिलं.

"मले पुन्याले जायचं हाय. हर्षलकडं. राहाले."

लाटणं तिथंच थांबलं. "काय म्हणता बाबा?"

"पुन्याले. कायमचं."

हर्षलच्या घरी राहायला गेला तर पाचव्या दिवशी भांडून येणारा हा माणूस! ज्याला अकोल्याच्या पाण्याशिवाय डाळ शिजत नाही असं वाटतं, तो म्हणतो कायमचं पुण्याला? झटका आल्यापासून उठबस कोणी केली? रात्री-बेरात्री कूस कोणी बदलली? तिनं पुढं काही विचारलं नाही. तिच्या डोक्यात लख्खकन एकच शब्द आला, भरती. हे बाबा नाहीत बोलत. ही वाटी बोलते. रविवारी हर्षल सारखं "पुण्याला या" म्हणतो, तेच या पेशींनी उचललं आणि ओकलं. असं ठरवल्यावर तिला जरा बरं वाटलं.

तिनं त्याच दिवशी नवी वाटी मागवली. पोळ्याच्या आदल्या दिवशी ती आली. प्रणितानं ती फ्रीजमध्ये ठेच्याच्या बरणीशेजारी ठेवली. पोळ्याच्या सणाला यंत्राला हात लावायचा नाही, म्हणून बदलायचं ठरलं दुसऱ्या दिवशी सकाळी. जुनी वाटी काढली की बाबांचं सगळं शिकलेलं पुसलं जाणार आणि पुन्हा दोन महिने तरी ते मुके होणार, हे तिला ठाऊक होतं. खोट्या बोलण्यापेक्षा मुकं बरं, असं ती स्वतःला समजावत राहिली. बाबांना तिनं यातलं काही सांगितलं नाही. संध्याकाळी रिवाजाप्रमाणे अंकुरला म्हटलं, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या," पण तिचा आवाज चोरासारखा झाला.

पोळ्याच्या दिवशी पडदा काळा होता. बाबांनी पुरणपोळीवर तुपाची धार मागून घेतली, तीही बोटानं दाखवून. दुपारी झुली घातलेले बैल बघायला प्रणिता रस्त्याच्या तोंडापर्यंत जाऊन आली. परत येऊन पाहते तर बाबा पलंगावर बसलेले, पुढ्यात त्यांची जुनी रेक्झिनची बॅग उघडी, आणि ते डाव्या हातानं शर्ट कोंबत होते. कपाट उघडं टाकलेलं. तिथवर काठीनं कसे गेले असतील तेच जाणे.

"हे काय बाबा?"

"तो... तो... पु... बाबा..."

तिनं हसून शर्ट काढले आणि परत कपाटात ठेवले. बाबांनी पुन्हा काढले. तिनं पुन्हा ठेवले. "अहो, तिथली लिफ्ट बंद पडते. तुम्हाला दम लागतो. हर्षल दिवसभर नोकरीवर, जेवायला कोण घालंल?" बाबांनी काठी उचलली आणि फरशीवर अशी हाणली, की खालच्या मजल्यावरून कोणीतरी ओरडलं. मग त्यांनी तिसऱ्यांदा, एक एक करून, शर्ट बॅगेत भरले. वर चष्म्याचं घर ठेवलं. औषधाची डबी ठेवली. चेन एका हातानं लागेना, तेव्हा दातात धरून ओढली.

प्रणितानं टेबलावरच्या काळ्या पडद्याकडे पाहिलं.

यंत्र बंद होतं. पेशी सुटीवर होत्या. आणि बाबा तेच म्हणत होते. म्हणजे वाटी थकलेली नव्हती, ती बाबांच्या मनातलं जसंच्या तसं लिहीत होती. प्रणितालाच ते नको होतं. आपल्या मनाविरुद्ध एक वाक्य आलं, तर ती बापाची जीभ कापायला निघाली होती, सणाची आडकाठी आली म्हणून राहून गेलं. तिला स्वतःची इतकी किळस आली, की तिनं उठून फ्रीजमधली ती वाटी काढली आणि दुकानात नेऊन ठेवली. ती परत आली तोवर बाबा बॅगेवर हात ठेवून झोपून गेले होते.

सकाळी तिनं अंकुर सुरू केला. डब्यावरचं सुकलेलं फूल बाजूला केलं, बाबांच्या गळ्याला पट्टी लावली, समोर स्टूल ओढून बसली. चहासुद्धा केला नव्हता.

"बाबा, मी तुमचं तिकीट काढते. हर्षलला रात्रीच सांगितलंय. पण मला एवढंच सांगा, काऊन जायचं? माझं काय चुकलं? खायला-प्यायला कमी पडलं? मी ओरडले का कधी?"

बाबांनी तोंड उघडलं. "बा... बा... तो..."

पडद्यावर अक्षरं उमटू लागली. ती वाचू लागली.

"तुह्यं काई चुकलं नाही. तू लई केलं. देवानं असी पोरगी सगळ्याले द्यावी."

"मग?"

"हर्षलकडं मशीन नाही."

"मी देते ना सोबत. हेच न्या, उचलून."

"नको. म्हणूनच जातो. हर्षल फोनवर माह्या तोंडाकडं पाहते. त्याले काई समजत नाही. टोपी म्हटलं तं गुडघा समजते. पण पाहते. तोंड पाहून पाहून समजून घ्यायले पाहते."

अक्षरं क्षणभर थांबली. बाबांचा श्वास जोरात येत होता. प्रणिता पुढचं वाक्य यायची वाट पाहत डोळे ताणून बसली.

"लोक येतात, पडद्यावर हसतात. तू फोडणी देता देता पडदा पाहतं. वर्स झालं, माह्या तोंडाकडं कोणी पाहिलं नाही पोरी."

"बाबा..."

"आताही तिकडंच पाहून राहिली."

प्रणितानं मान वळवली. बाबा तिच्याकडे पाहत होते. दाढी दोन दिवसांची वाढलेली, डाव्या गालावर पांढरा डाग पडलेला, जो तिला ठाऊकच नव्हता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ओठ हलत होते, वाकडे, धडपडत. कडेला पडद्यावर आणखी काहीतरी उमटत होतं. तिनं हात मागं नेऊन चाचपडत बटण शोधलं आणि पडदा बंद केला.

"बोला बाबा," ती म्हणाली.

"बा... तो... तो..."

"पाणी?"

बाबांनी काठी आपटली.

"बरं, पाणी नाही. पुन्हा सांगा."